गणपती पेठेतले दालचिनीचे तीन डबे

सांगलीत मसाल्याच्या दुकानाची पारख हळदीवरून करायची रीत आहे. माझे वडील मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी होते, आणि हळकुंड मोडताना कडक आवाज आला व मोडलेल्या तोंडावर गडद नारिंगी रंग दिसला तरच ते घरात येत असे. त्यामुळे दुकान नवे असले की मी आधी हळदीच्या पोत्याकडे वळते. गणपती पेठेतल्या या दुकानात मात्र माझी नजर पहिल्यांदा दालचिनीवर गेली, कारण गल्ल्याशेजारी दालचिनीचे एक सोडून तीन डबे ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकावर मालकांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘सिलोन’, ‘कोकण’ आणि ‘व्हिएतनाम, जाड’. सांगलीत मी गेली तीस वर्षे संसाराचा मसाला भरते आहे. दालचिनीला गाव असते आणि ते गिऱ्हाइकाला सांगायचे असते, हे मानणारे दुकान मला प्रथमच भेटले.

दुकानाचे नाव येथे देत नाही. पाटीवर मालकांच्या आजोबांचे नाव आहे आणि ते कोठे छापून येऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. दुकान जुने व अरुंद असून आत जेमतेम तीन गिऱ्हाइके उभी राहतात. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक मातकट रेघ आहे. २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी तेथवर आले होते. तेव्हापासून लवंग, वेलदोडे, जायपत्री, केशर असा किमती माल माळ्यावर राहतो आणि लागेल तसा दोरीच्या टोपलीतून खाली उतरतो. टोपली खाली येईपर्यंत थांबावे लागते. घाईच्या माणसाने येथे संध्याकाळी सहानंतर जाऊ नये.

पहिल्या डब्यातली सिलोन दालचिनी मालकांनी स्वतःहून हातात दिली. “वास घ्या की ताई, वासाला पैसे पडत नाहीत,” असे म्हणत त्यांनी एक नळी दोन बोटांत धरून चुरली, आणि ती वाळलेल्या पानासारखी चुरली गेली. नळीच्या तोंडाकडे पाहिले की गुंडाळलेल्या वर्तमानपत्रासारखे कागदी पदर एकात एक बसलेले दिसतात. रंग फिकट, मातीच्या पणतीसारखा असतो. वास गोडसर, किंचित लवंगेकडे झुकणारा, आणि जिभेवर तिखटपणा उशिरा येतो. ही श्रीलंकेतल्या ‘सिनॅमोमम व्हेरम’ या झाडाची आतली साल. झाड मोकळे वाढू दिले तर चांगले उंच होते, पण लागवडीत ते बुंध्याशी पुन्हा पुन्हा छाटतात, म्हणजे उसाच्या खोडव्यासारखे बाजूने सरळ धुमारे फुटतात. दोनेक वर्षांचा, अंगठ्याएवढा जाड धुमारा पावसाच्या दिवसांत तोडतात, कारण तेव्हा रस चढलेला असतो आणि साल लाकडापासून सहज सुटते. आधी वरची खरबरीत त्वचा खरवडून टाकायची, मग पितळेच्या दांडीने काडी घासून आतली साल सैल करायची, वाकड्या पात्याच्या सुरीने उभे छेद द्यायचे आणि साल अखंड उतरवायची. उतरलेल्या साली एकात एक घालून सुमारे १०७ सेंटिमीटर, म्हणजे बेचाळीस इंच लांबीची नळी बांधतात आणि ती आधी सावलीत, छपराखाली ताणलेल्या दोऱ्यांवर वाळवतात. नळी जितकी बारीक तितकी प्रत वरची. ‘अल्बा’ नावाच्या सर्वांत वरच्या प्रतीत नळीचा व्यास सहा मिलिमीटरांहूनही कमी असतो. हे सोलण्याचे काम यंत्राने आजही नीट जमलेले नाही, आणि श्रीलंकेत सालागम नावाच्या जातीकडे ते पिढ्यान्‌पिढ्या होते.

या सालीच्या बेटावर पोर्तुगीज १५०५ मध्ये उतरले, १६५८ पर्यंत डचांनी त्यांना हुसकले आणि १७९६ मध्ये इंग्रजांनी डचांना. डचांच्या काळातही बराच काळ साल जंगलातूनच गोळा होत असे. रीतसर बागा उभ्या राहिल्या त्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पोर्तुगीज येण्यापूर्वी कित्येक शतके अरब व्यापाऱ्यांनी माल कोठून येतो हे युरोपपासून लपवून ठेवले होते. मोठमोठे पक्षी दालचिनीच्या काड्या आणून कड्यांवर घरटी बांधतात आणि अरब लोक मांसाचे तुकडे टाकून ती घरटी पाडतात, अशी कथा प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने अरबांच्या हवाल्याने नोंदवली आहे. माल कोठला हे न सांगण्याची व्यापाऱ्यांची खोड किती जुनी आहे, ते यावरून कळते, आणि म्हणून मला त्या तीन चिठ्ठ्यांचे अप्रूप वाटले.

कोकणच्या डब्यातला माल दिसायला गबाळा आहे: एकेरी, वाकड्या-तिकड्या खापल्या, लांबी सारखी नाही. झाड मात्र सिलोनचेच. नारळी-पोफळीच्या बागांत दालचिनी आंतरपीक म्हणून लावतात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाचे वाण त्यासाठीच काढले आहे. सोलण्याचा श्रीलंकेतला हात नसल्याने नळी बांधली जात नाही, एवढाच फरक. वास सिलोनच्या जवळचा, थोडा उग्र. सिलोन शंभर ग्रॅमला २६० रुपये आणि कोकण १४०, असा भाव असताना रोजच्या चहाला मी कोकणच घेतली आणि त्या निवडीचा मला पश्चात्ताप झालेला नाही.

तिसरा डबा सर्वांत मोठा, आणि सर्वांत जास्त खपणारा. त्यातली साल जाड, तांबूस-तपकिरी, लाकडासारखी कठीण. दोन्ही कडा आत वळलेल्या, पण पदर एकच. ही कॅशिया. चीन, व्हिएतनाम आणि इंडोनेशिया येथल्या तिच्या झाडांच्या जाती वेगवेगळ्या आहेत, तरी बाजारात सगळ्यांचे बारसे दालचिनी म्हणूनच होते. गंमत अशी की ‘दारचीनी’ या फारसी शब्दाचा अर्थच ‘चीनचे लाकूड’ असा आहे, तेव्हा नावावर हक्क सांगायचा तर तो याच जाड सालीचा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र दालचिनी आणि कॅशिया यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत आणि कॅशियासाठी तेथे ‘तज’ हा शब्द वापरलेला आहे. शंभर ग्रॅमला ७० रुपये हा तिचा भाव पाहिला की घराघरात हीच का असते ते वेगळे सांगावे लागत नाही.

कॅशिया म्हणजे भेसळ, असा सूर अलीकडे ऐकू येतो, तो मला मान्य नाही. आमच्याकडे पांढरा रस्सा होतो तेव्हा खडा मसाला तुपात तडतडतो आणि मग त्यावर मटणाचे आळणी पाणी व नारळाचे दूध येते. मी एका रविवारी अर्धा रस्सा सिलोनवर आणि अर्धा कॅशियावर केला. सिलोनचा रस्सा सुवासिक झाला, पण मटणासमोर त्याचा आवाज बसला. कॅशियाच्या रश्श्याने पहिल्या घोटालाच घसा जागा केला. वासाचा मुख्य अंश असलेले सिनॅमाल्डिहाइड कॅशियाच्या तेलात एकवटलेले असते, तर सिलोनच्या सालीत त्याच्या जोडीला इतर हलके सुवास आणि लवंगेतले युजेनॉलही थोडे असते, म्हणून तिचा स्वभाव मवाळ. कांदा-लसूण मसाल्यात तर सिलोन घालणे म्हणजे जत्रेत सनई वाजवणे. मिरची, लसूण आणि खोबऱ्यापुढे ती कोणाला ऐकू येणार? याउलट तांदळाच्या खिरीत, सफरचंदाच्या मुरांब्यात किंवा दुधाशिवायच्या चहात कॅशिया नुसती टोचते. मालकांनीही हेच सांगितले. महाग डबा विकायची संधी असताना त्यांनी माझ्या मसाल्याच्या यादीत स्वस्त डब्यावर बोट ठेवले, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

तरीही डबे वेगळे ठेवण्याला एक कारण असे आहे की जे चवीपलीकडचे आहे. कॅशियात कूमारिन नावाचे, जास्त झाल्यास यकृताला बाधणारे द्रव्य बरेच असते, सिलोनमध्ये ते नाममात्र. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने रोज घेण्यास चालेल अशी कूमारिनची मर्यादा शरीराच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरली आहे आणि जर्मनीतल्या अशाच शासकीय संस्थेच्या हिशेबाप्रमाणे साठ किलो वजनाच्या माणसाला ती मर्यादा सुमारे दोन ग्रॅम कॅशियात गाठली जाते. चहाचा एक सपाट चमचा पूड भरते साधारण अडीच ग्रॅम. मसाल्यातून पोटात जाणाऱ्या चिमटीने काही बिघडत नाही, पण साखर उतरावी म्हणून रोज सकाळी चमचाभर दालचिनीची पूड गरम पाण्यातून घेणारी माणसे आता प्रत्येक गल्लीत आहेत, आणि ज्यांचे यकृत नाजूक आहे त्यांच्यासाठी ही चैन परवडणारी नाही. अशा माणसाने सिलोनच घ्यावी, आणि ती घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

येथेच या दुकानाचा पहिला दोष दिसतो. अख्ख्या दालचिनीवर तीन चिठ्ठ्या लावणाऱ्या मालकांनी पुडीची बरणी मात्र नुसत्या ‘दालचिनी पावडर’ या नावाने ठेवली होती. पूड झाली की पदर, जाडी, कडा यांतले काहीच ओळखता येत नाही; डोळ्यांनी पारखायची सोय असते ती अख्ख्या सालीत, आणि ज्याला चिठ्ठीची सर्वांत जास्त गरज आहे तो मालच बिनचिठ्ठीचा. विचारल्यावर ती व्हिएतनामची असल्याचे त्यांनी लगेच सांगितले. मी म्हटले, “काका, मग तसे लिहा तरी.” ते हसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

केशरासाठी मला टोपली उतरण्याची वाट पाहावी लागली. तोवर काचेच्या दोन पेल्यांत कोमट पाणी आले, आणि हे पेले चहाचे नसून परीक्षेचे आहेत हे नंतर लक्षात आले. मालकांनी काश्मिरी मोंगऱ्याचे, म्हणजे पिवळा देठ काढून टाकलेल्या केशराचे, चार तंतू एका पेल्यात आणि कोठल्याशा जत्रेत विकत घेतलेल्या, मुद्दाम जपून ठेवलेल्या नकली मालाचे चार तंतू दुसऱ्यात सोडले. नकली मालाने पाणी तत्काळ तांबडे केले आणि मिनिटभरात तंतू पांढुरके पडले. खऱ्या तंतूभोवती आधी काहीच दिसेना. मग प्रत्येकाखाली सोनेरी धाग्यासारखी एक रेघ उतरू लागली आणि दहा-बारा मिनिटांनी सगळे पाणी पिवळेधमक झाले, तरी तंतू लालच राहिला. पाण्यातून काढून नखावर ताणला तेव्हा त्याचे वरचे टोक तुतारीच्या तोंडासारखे पसरट आणि कातरलेले दिसले. कापलेल्या, रंगवलेल्या मक्याच्या केसांना असे टोक आणता येत नाही. जिभेवर ठेवलेला तंतू कडू लागला, आणि केशर कडूच असले पाहिजे. गोड लागले तर वजन वाढवण्यासाठी त्याला साखरेचे किंवा मधाचे पाणी पाजलेले असते.

नकली केशराचा आणखी एक प्रकार आपल्या भागातल्या माणसाला घरचा वाटावा असा आहे. करडईच्या वाळलेल्या पाकळ्या केशर म्हणून विकल्या जातात. जतकडच्या किंवा सोलापूरच्या माणसाने ज्वारीच्या रानाभोवती काटेरी करडई लहानपणापासून पाहिलेली असते, कुसुंबी रंग तिच्यातूनच येतो हेही त्याला ठाऊक असते, आणि तोच माणूस यात्रेत गेल्यावर त्याच पाकळ्या ‘काश्मिरी केशर’ म्हणून डबीत भरून आणतो. केशराच्या पुडीत तर आपली हळदच मिसळतात. पंधराव्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात केशरात भेसळ करणाऱ्याला त्याच्या मालासकट जाळल्याची नोंद आहे. शिक्षा अघोरी खरी, पण या मालात किती पैसा अडकलेला असतो याची कल्पना तिच्यावरून येते.

तो पैसा कशाचा, हे मालकांनी न सांगता मीच त्यांना सांगितले, कारण काही वर्षांपूर्वी काश्मीरला गेले असताना पांपोरच्या पठारावर मी ही तोडणी पाहिली आहे. करेवा नावाच्या त्या मातकट, उंच पठारावर ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जमिनीलगत जांभळी फुले येतात. ऊन चढण्यापूर्वी, फूल मिटलेले किंवा नुकते उमलत असताना बायका-माणसे ओणवी होऊन ती खुडतात आणि त्याच दिवशी घरी बसून प्रत्येक फुलातले तीन तांबडे केसर हातांनी वेगळे करतात. एक किलो सुक्या केशराला साधारण दीड लाख फुले लागतात, आणि ओले केसर वाळले की वजन पाचव्या हिश्शावर येते. या हिशेबाने माझ्या एका ग्रॅमच्या डबीत दीडशे फुले आहेत; ४८० रुपयांना घेतली, म्हणजे फुलामागे सव्वातीन रुपयेही पडले नाहीत. त्यात कंद, नांगरट, खुडणी, निवडणी, वाळवण आणि दोन-तीन दलाल. महाग म्हणून मी आयुष्यभर नाक मुरडलेली ही वस्तू त्या पठारावर उभी असताना मला स्वस्त वाटली होती.

केशराला बी धरत नाही, ही गोष्ट सांगलीकराने विशेष लक्षात घ्यावी. हळदीसारखेच ते त्रिगुणित गुणसूत्रांचे, वांझ पीक आहे. हळद जशी बेण्यावर तसे केशर कंदावर चालते, आणि माणसाने कंद उकरून, वेगळे करून पुन्हा लावले नाहीत तर ते संपेल. त्याचा रानटी पूर्वज ग्रीसमध्ये आहे. आज जगातले नव्वद टक्क्यांच्या आसपास केशर इराणात, मुख्यतः खोरासान भागात होते. काश्मीरमधले क्षेत्र १९९० च्या दशकात साडेपाच हजार हेक्टरांच्या वर होते, ते नंतर चार हजारांच्या खाली आले. पावसाने ओढ दिली, जमिनींवर घरे चढली. राष्ट्रीय केशर अभियान २०१० मध्ये सुरू झाले आणि काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळाले २०२० मध्ये, आपल्या हळदीनंतर दोन वर्षांनी.

दुकानात इराणी केशरही आहे, ग्रॅमला ३३० रुपयांना, आणि ते इराणी म्हणूनच विकले जाते. त्याचे तंतू सरळ व सुटसुटीत, नुसते लाल. काश्मिरी मोंगरा जास्त काळसर आणि गुंतलेला. खाली पिवळा देठ राखलेला ‘लच्छा’ मालक ठेवत नाहीत, कारण त्या देठाला रंग नसतो, वास नसतो, वजन तेवढे असते.

माझी मुख्य तक्रार मात्र केशराबद्दलच आहे. मोंगरा काश्मीरचा असल्याची ग्वाही मालक देतात, पाण्याच्या परीक्षेने तो केशर असल्याचेही सिद्ध होते, पण पाण्याला गाव कळत नाही. मानांकनाची खूण असलेली सीलबंद डबी येथे नाही. माल मोठ्या पत्र्याच्या डब्यातून काढून छोट्या डबीत भरून देतात आणि त्या डबीवर तोडणीचे वर्षही लिहिलेले नसते. केशर उजेडाने व दमटपणाने उतरते, वर्ष-दोन वर्षांत त्याचा सुवास विरतो, म्हणून वर्ष ठाऊक असणे महत्त्वाचे. शिवाय डबी पारदर्शक प्लास्टिकची. घरी आल्यावर मी ती काचेच्या लहान बाटलीत ओतून कपाटात अंधारात ठेवली.

मालकांचा एक सल्लाही मला पटला नाही. बासुंदीसाठी केशर कढत तुपात परतून घाला, असे ते प्रत्येकाला सांगतात. मी करून पाहिले: तूप होते तसेच राहिले. केशराचा रंग ज्या क्रोसिनमुळे येतो ते पाण्यात विरघळते, स्निग्धात नाही, आणि सुवास देणारे सॅफ्रनाल तापल्या तुपातून उडून जाते. आईची रीत बरी होती. ती पळी किंचित तापवून खाली उतरवायची, तिच्यात केशर क्षणभर टाकून कोरडे करायची, वाटीत बोटाने चुरायची आणि त्यावर दोन चमचे कोमट दूध घालून अर्धा तास विसरून जायची. याच रीतीने कोजागिरीला दोन लिटर मसाला दुधाला पस्तीसएक तंतू पुरले. रंग चांदण्यातही कळत होता, आणि वास वाळल्या गवताचा व मधाचा, जसा असावा तसा. जास्त घातले असते तर दूध कडवटले असते. पाडव्याच्या श्रीखंडालाही मी हाच माल वापरणार आहे.

बाकीचे थोडक्यात. वजनकाटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला आहे. दालचिनी कागदाच्या पुडीत बांधून मिळते. घरपोच सेवा नाही, पैसे मोबाइलवरून देता येतात. पेठेत चारचाकी लावायला जागा मिळणार नाही. हळद, जिच्यावरून मी हे सगळे सुरू केले, ती उत्तम आहे. हळकुंड मोडले तेव्हा वडिलांची आठवण झाली एवढे सांगितले तरी पुरे.

महिनाभराने कोकण दालचिनी संपली म्हणून मी पुन्हा गेले. पुडीच्या बरणीवर निळ्या शाईत नवी चिठ्ठी होती: ‘तज पावडर, व्हिएतनाम’. केशराच्या डबीवर वर्ष अजून आलेले नाही. नवा मोंगरा डिसेंबरात उतरतो, तेव्हा लिहू, असे मालक म्हणाले आहेत.